घरगुती फरशीसाठी चांगला वायपर कसा असावा? सूचना हव्या आहेत

उद्यमबागचा लेथवाला

सर्व सभासदांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत माझे छोटे वर्कशॉप असून पंप आणि हायड्रॉलिक्सच्या सुट्या भागांचे जॉबवर्क हा माझा मुख्य व्यवसाय आहे. दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम काम करण्याऐवजी स्वतःची एखादी वस्तू बाजारात आणावी, असे बरेच दिवस मनात आहे आणि त्यासाठी मी फरशीवरचे पाणी ओढण्याचा वायपर निवडला आहे. विषय किरकोळ वाटेल याची मला कल्पना आहे; परंतु आपल्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही वस्तू घरोघरी रोज हातात असते आणि तिच्याविषयी समाधानाने बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

गल्लीतल्या घरांतून मोडके वायपर मागून आणले आणि टेबलावर मांडून पाहिले. दोष बहुतेक सर्वांत सारखेच आहेत. दांडा ज्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये बसतो त्याचे आटे झिजतात किंवा सॉकेटच तडकते. रबराची कड गोल होते. आणि पट्टी मधोमध दाबली जाऊन दोन्ही टोके वर उचललेली राहतात, त्यामुळे पाणी बाजूंनी निसटून मागे येते. रबर बदलण्याची सोय तर जवळजवळ कोणत्याच वायपरला नाही, कारण ते प्लास्टिकमध्ये दाबून किंवा रिव्हेट मारून बसवलेले असते.

माझे प्रश्न असे आहेत. पट्टीची रुंदी किती असावी, रबर कोणते घ्यावे, दांडा किती लांब हवा, आणि रबर बदलता येत असेल तर आपण नेहमीच्या वायपरपेक्षा जास्त किंमत द्याल का? ज्यांच्या हातात वायपर रोज असतो त्यांनी अवश्य लिहावे.

खानापूरकर

आमच्याकडे, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पाऊस सरळ पडत नाही; झड आडवी येते आणि सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पाण्याचा थर साचतो. सोप्यात शहाबादी फरशी आहे, आतल्या खोल्यांत अलीकडे व्हिट्रिफाइड टाईल बसवली आहे. एकच वायपर आत उत्तम चालतो आणि बाहेर निरुपयोगी ठरतो, कारण शहाबादीच्या दगडाला खोलगट भाग असतात आणि कडक रबर त्यावरून नुसते उड्या मारत जाते. त्यामुळे "फरशीसाठी वायपर" असे न म्हणता कोणत्या फरशीसाठी, हे आधी ठरवावे, अशी माझी विनंती आहे.

टिळकवाडीचा स्थापत्यकार

माझे मत थोडे वेगळे आहे. वायपरला दोष देण्यापूर्वी फरशीचा उतार तपासावा. मोरी, बाल्कनी, सोपा अशा ओल्या जागी १ मीटरला साधारण १० मिलिमीटर उतार दिला आणि नहाणी ट्रॅप (पाणी जाण्याचे जाळीचे भोक) सर्वांत खालच्या जागी बसवला, तर बहुतांश पाणी आपोआप जाते आणि वायपरला केवळ शेवटचा ओलावा काढावा लागतो. प्रत्यक्षात मोठ्या टाईल आल्यापासून गवंडी संपूर्ण फरशी एका पातळीत बसवतो, मालकालाही ती तशीच दिसायला हवी असते, आणि ट्रॅप मात्र प्लंबरच्या सोयीने भिंतीला खेटून कुठेतरी जातो. जुन्या घरांतल्या न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतले तर ते कुठे जाणार हे डोळ्यांना दिसत असे. वायपर सुधारणे हा रोगावरचा नव्हे, लक्षणावरचा उपाय आहे.

शहापूरची वैनी

स्थापत्यकार साहेब, आपले म्हणणे नवे घर बांधणाऱ्यांसाठी योग्य आहे. आमचे घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले आहे. त्याचा उतार बदलायचा तर फरशी उखडावी लागेल, आणि तो खर्च वायपरच्या किमतीत बसणारा नाही. आमच्या घरात कापड विणायचा माग होता तेव्हाची गोष्ट सांगते. मागाचा खड्डा जमिनीत असतो. पावसाळ्यात अंगणातले पाणी उंबरा ओलांडून आले की ते त्या खड्ड्याकडे जाऊ न देणे हेच घरातल्या बायकांचे पहिले काम असे. त्या वेळी उताराची चर्चा करायला कोणालाही सवड नसते.

लेथवाले दादा, आपण रबराबद्दल विचारले, सॉकेटबद्दल विचारले, पण पाठीबद्दल विचारले नाही. बाजारातला दांडा जेमतेम चार फुटांचा असतो. मी काही उंच नाही, तरीही मला त्यावर वाकावे लागते. उंच बाईचे काय होत असेल याचा विचार करावा. दांडा उभा धरला तर त्याचे टोक खांद्याच्या वर, हनुवटीच्या आसपास यायला हवे. शिवाय तो पाइप इतका बारीक असतो की ओल्या हातात फिरतो आणि पट्टी तिरकी होते.

बेळगुंदीचा पाटील

आमच्या गल्लीत उत्तम वायपर फक्त एकाच घरी आहे आणि तो नेहमी दुसऱ्याच्या घरी असतो. दांड्यावर नाव कोरण्याची सोय ठेवावी.

रबरातला निवृत्त माणूस

रबराच्या कारखान्यात नोकरी केल्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने लिहू शकतो. स्वस्त वायपरची काळी पट्टी बहुधा रिक्लेम रबराची, म्हणजे जुने टायर दळून पुन्हा वापरलेल्या रबराची असते. त्यात भर म्हणून खडूची पूड भरपूर घातलेली असते. असे रबर पहिल्या दिवशी काम देते, परंतु त्याची कड टिकत नाही.

नैसर्गिक रबर लवचिक असते, फाटत नाही आणि पाणी स्वच्छ ओढते. मात्र ऊन आणि हवेतला ओझोन यांनी त्याला बारीक भेगा पडतात आणि तेलाने ते फुगते. ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन-पावसाला उत्तम टिकते, म्हणून गाड्यांच्या दारांची रबरे त्याची असतात, पण तेलाशी त्याचेही जमत नाही. तेलासाठी नायट्राइल रबर हवे. सिलिकोन दिसायला सुंदर आणि हवामानाला अभेद्य असते, परंतु एकदा त्याला चीर पडली की ती झपाट्याने वाढत जाते. फरशीच्या तुटक्या कडेवर ते टिकणार नाही.

खानापूरकरांच्या शहाबादीसाठी मात्र भरीव रबराचा विचारच सोडून द्यावा. तिथे मॉस रबर लागते, म्हणजे आत बंद बुडबुडे असलेले स्पंजसारखे रबर, आणि त्याच्या दोन पट्ट्या समांतर बसवाव्या लागतात. पहिली पट्टी खड्ड्यात उतरून पाणी ढकलते आणि तिच्यामागे राहिलेले दुसरी घेते. बुडबुडे बंदच हवेत. उघड्या बुडबुड्यांचा फोम पाणी पितो, जड होतो आणि आठवडाभरात त्याला कुबट वास येतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइडवर मात्र या दुहेरी मॉसपेक्षा धारदार कडेची एकेरी भरीव पट्टीच पाणी अधिक कोरडे ओढते.

हुक्केरीचा गोठेवाला

आमच्या गोठ्यात वडिलांच्या काळापासून लाकडी फळीला ट्रकच्या ट्यूबची पट्टी खिळ्यांनी ठोकलेली आहे आणि तिला दांडा म्हणून बांबू. शेण, मूत्र आणि पाणी एकत्र ओढायला यापेक्षा उत्तम साधन मी पाहिलेले नाही. वरचे रबरवाले अण्णा सांगतील, पण ट्यूबचे रबर वर्षानुवर्षे उन्हात पडूनही तडकत नाही. अडचण इतकीच, की टायर ट्यूबलेस झाल्यापासून जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडेही सहज मिळत नाही.

रबरातला निवृत्त माणूस

गोठेवाले, आपले निरीक्षण बरोबर आहे. ट्यूब ब्यूटाइल रबराची असते. हवा धरून ठेवण्यासाठी ते निवडले जाते, परंतु ओझोनलाही ते चांगले तोंड देते. फक्त ते सुस्त असते, म्हणजे वाकवल्यावर सावकाश परत येते. गोठ्यात चालेल, टाईलवर जलद हात मारताना मागे रेघा राहतील.

अनगोळची मेसवाली

माझी मुलांची मेस आहे. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाण्यासोबत तेल असतेच, आणि रात्री सोड्याच्या गरम पाण्याने फरशी धुतल्याशिवाय आम्ही दार लावत नाही. नेहमीच्या वायपरचे रबर दोन-तीन महिन्यांत फुगून नागमोडी होते. कारण आज कळले. नायट्राइलची पट्टी वेगळी विकत मिळणार असेल तर मी जास्त किंमत नक्की देईन, परंतु ती बदलायला आमच्या मावशींना पाना-पकडीची गरज पडता कामा नये. त्या रात्री अकरा वाजता पाना शोधणार नाहीत; त्या नवा वायपर आणा म्हणतील.

चिकोडीचे मास्तर

चर्चा रंजक आहे, परंतु "चांगला" म्हणजे काय याचे माप ठरल्याशिवाय लेथवाल्यांना कोणता नमुना सरस हे कळणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू पुरेल अशी एक पद्धत सुचवतो.

एक चौरस मीटर फरशी खडूने आखून तीवर १ लिटर पाणी पसरले, तर त्याचा थर बरोबर १ मिलिमीटर जाडीचा होतो. वायपरने ते एकाच फेरीत ओढावे. मागे राहिलेले पाणी कोरड्या फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे आणि फडक्याचे आधीचे व नंतरचे वजन पाहावे. वजन ५० ग्रॅमने वाढले तर मागे ०.०५ मिलिमीटरचा थर राहिला, असा हिशेब थेट मिळतो. निरनिराळी रबरे, निरनिराळ्या रुंदी आणि निरनिराळ्या फरश्या यांची तुलना याने निःपक्षपातीपणे करता येईल.

यात एक सावधगिरी बाळगावी. सांध्यांत राहिलेल्या पाण्याचा दोष वायपरला देऊ नये. ६०० मिलिमीटरच्या टाईलमध्ये चौरस मीटरमागे सुमारे ३.३ मीटर लांबीचे सांधे येतात. सांधा ३ मिलिमीटर रुंद आणि ग्राउट (सांध्यात भरलेला माल) १ मिलिमीटर खोल असेल, तर त्यातच सुमारे १० ग्रॅम पाणी बसते. जुन्या १० इंची मोझॅक टाईलचे सांधे ८ मीटरपर्यंत जातात, म्हणजे तिथे हा आकडा वाढणारच. भरीव रबर ते पाणी काढू शकत नाही. मॉस रबर थोडेफार काढते.

आता टोके उचलली जाण्याविषयी. पट्टी मध्यभागी धरलेली असते आणि जमिनीचा विरोध तिच्या सर्व लांबीवर असतो, त्यामुळे तिचे दोन्ही अर्धे भाग भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईप्रमाणे वर वाकतात. हे वाकणे लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून १८ इंची पट्टीऐवजी तितक्याच जाडीची २४ इंची पट्टी घेतली, तर टोक तिपटीहून अधिक उचलले जाते. उलट, पट्टीच्या पाठीवरची उभी रीब, म्हणजे तिला ताठ ठेवणारा कणा, दुप्पट उंच केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. दुकानदार रुंदी वाढवून किंमत वाढवतात, रीबची उंची मात्र कोणी वाढवत नाही.

गॅरेजवाला, वडगाव

मास्तरांचे गणित बरोबर आहे, पण ताठपणा हाच एक मार्ग नाही. गाड्यांच्या काचेवरच्या वायपरमध्ये हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. हल्लीच्या फ्लॅट ब्लेडमध्ये जुन्यासारखा जोडाजोडांचा सांगाडा नसतो. रबराच्या पाठीत स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी असते आणि ती मोकळी असताना काचेपेक्षा जास्त वाकलेली असते. मधल्या दांड्याने ती काचेवर दाबली की ती सरळ होऊ पाहते आणि दाब दोन्ही टोकांपर्यंत वाटला जातो. फरशीच्या वायपरची पट्टीही सरळ न ठेवता टोकांकडे दोन-तीन मिलिमीटर खाली झुकलेली ठेवावी. मध्यभागी हात दाबला की ती सरळ होईल आणि टोके जमिनीवरच राहतील.

त्याच ब्लेडमधली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. रबराच्या कडेच्या वर एक बारीक मान असते, त्यामुळे हात कोणत्याही दिशेने गेला तरी कड मागे कलून घासते. आपल्याकडे वायपर ढकलतातही आणि ओढतातही. जाड, बिनमानेचे रबर दिशा बदलताना अडते.

चिकोडीचे मास्तर

गॅरेजवाल्यांची कल्पना उत्तम आहे, मात्र झुकाव बेताचा असावा. तो जास्त झाला तर हलक्या हाताने फिरवताना केवळ टोके टेकतील आणि मधून पाणी निसटेल, म्हणजे आजच्या दोषाची उलट बाजू.

ढकलणे आणि ओढणे यांत आणखी एक फरक आहे. तिरका दांडा ढकलला की जोराचा काही भाग पट्टीला खाली दाबतो. तोच दांडा ओढला की तो भाग पट्टीला वर उचलतो. म्हणून ओढताना वायपर हलका होऊन उड्या मारतो. पट्टीचे स्वतःचे वजन थोडे अधिक ठेवल्यास ओढणे सुधारेल.

शहापूरची वैनी

मास्तर, वजन वाढवण्याचा सल्ला गणितात बसत असेल, परंतु तो वायपर एका हातात आणि भरलेली बादली दुसऱ्या हातात घेऊन जिना चढून गच्चीवर आपण एकदा जाऊन पाहावे.

बेळगुंदीचा पाटील

वैनींचा मुद्दा मान्य आहे. त्याचबरोबर एका गंभीर प्रश्नाकडे लक्ष वेधतो. आपल्या सोप्यावरचे पाणी कोणी जोरकस वायपरने शेजारच्या अंगणात ढकलले, तर आपल्या भागात आणखी एक सीमाप्रश्न उभा राहील, आणि म्हादई नदीच्या पाणीवादाप्रमाणे त्यासाठीही लवाद नेमावा लागेल.

इतिहासप्रेमी, निपाणी

थोडे विषयांतर करतो, परंतु ते अगदीच असंबद्ध नाही. काच पुसण्याचा आजचा हलका, एकेरी पट्टीचा वायपर अमेरिकेत स्थायिक झालेल्या एत्तोरे स्टेकोने या इटालियन कारागिराने सिद्ध केला. त्याचे पेटंट १९३६ सालचे सांगतात. त्याआधी तिथे जड पोलादी साधन वापरात होते आणि त्यातले रबर बदलायचे म्हणजे बरेच स्क्रू काढावे लागत. स्टेकोनेने पितळेचा हलका खाच असलेला पट्टा घेतला आणि त्यात रबर सरकवून बसवता येईल अशी सोय केली. लेथवाले ज्या अडचणीपाशी आज थांबले आहेत, तिथून काचेचा वायपर तेव्हाच पुढे गेला. फरशीचा मात्र अजून रिव्हेटवरच आहे.

उद्यमबागचा लेथवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतिहासप्रेमींनी सांगितलेली सरकती खाच माझ्याही मनात होती. प्लास्टिकची पट्टी करायची तर मोल्डचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि तेवढी विक्री होईल याची खात्री माझ्यासारख्या छोट्या माणसाला देता येत नाही. ऍल्युमिनियमचे सेक्शन, म्हणजे एकाच आकाराची लांब पट्टी, मात्र डाय (त्या आकाराच्या भोकाचा साचा) करून मीटरवर काढून घेता येते. डायचा खर्च मोल्डच्या मानाने फारच कमी असतो आणि हव्या त्या रुंदीचे तुकडे कापता येतात. सेक्शनच्या खालच्या अंगाला खाच, वरच्या अंगाला उंच रीब, आणि खाचेत बाजूने सरकवलेले रबर, असे पहिले रेखाटन तयार आहे. रबराची पट्टीही वरच्या कडेला जाड मणी (खाचेत अडकणारी गोल कड) असलेल्या आकारात मीटरवर काढून घेता येते, म्हणजे रविवार पेठेतला दुकानदार ती फुटावर कापून विकू शकेल.

सॉकेटचा प्रश्न राहतो. तो सोडवण्यासाठी पट्टीला मधोमध एका जागी न धरता, दांड्याच्या टोकाला दोन पायांचा काटा लावून पट्टी दोन ठिकाणी धरावी असे वाटते. मास्तरांनी यावर गणित करून दिल्यास आभारी राहीन.

चिकोडीचे मास्तर

दोन पाय पट्टीच्या एकचतुर्थांश आणि तीनचतुर्थांश अंतरावर लावले, तर बाहेर राहिलेला मोकळा भाग आधीच्या निम्मा होतो, आणि चौथ्या घाताच्या नियमाने त्याचे वाकणे साधारण सोळाव्या हिश्शावर येते. मधला भाग किंचित वाकेल, पण तो दोन्ही बाजूंनी आधारलेला असल्यामुळे ते नगण्य आहे. असा काटा असल्यास गॅरेजवाल्यांच्या झुकावाची गरज उरणार नाही आणि सेक्शन सरळच ठेवता येईल. आट्यांवरचा पिळाचा ताणही दोन पायांत वाटला जाईल.

अनगोळची मेसवाली

काटा चांगला आहे, परंतु त्याची उंची बेताची ठेवावी. ओट्याखाली आणि सिलिंडरच्या मागे पट्टी आडवी सरकवावी लागते. उंच काटा तिथे अडकेल.

हाउसकीपिंग सुपरवायझर

एका रुग्णालयात स्वच्छतेची देखरेख करतो, म्हणून ऍल्युमिनियमबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. नव्या बांधकामावरचे सिमेंटचे डाग काढायला वापरतात ते ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ऍसिड असते, आणि संडास स्वच्छ करण्याच्या अनेक द्रवांतही तेच असते. ते ऍल्युमिनियमला खाते. मेसवाल्या ताईंचा धुण्याचा सोडाही ऍल्युमिनियमला खातो, तो ऍसिडच्या विरुद्ध टोकाचा असूनही. स्टेनलेस स्टील सोड्याला दाद देत नाही, पण हायड्रोक्लोरिक ऍसिडने त्यालाही खड्डे पडतात. या दोन्हींना निर्धास्तपणे तोंड देणारा पदार्थ म्हणजे स्वस्तातले पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच, हे ऐकायला लेथवाल्यांना आवडणार नाही.

आमच्याकडे फरशी धुण्याचे यंत्र आहे. त्याच्या मागच्या बाजूची रबरपट्टी वरून पाहिल्यास कमानीसारखी वळलेली असते, त्यामुळे पाणी टोकांकडून न निसटता मध्ये गोळा होते आणि यंत्र ते शोषून घेते. त्या रबराला चार वापरण्याजोग्या कडा असतात; एक झिजली की पट्टी उलटी, मग पालथी अशी फिरवून बसवतात. हातातल्या वायपरला कमान देऊ नये, कारण ती भिंतीला लागत नाही आणि एकाच दिशेने चालते. परंतु चार कडांची कल्पना जरूर घ्यावी.

रबरातला निवृत्त माणूस

चार कडा आणि मणी असलेली पट्टी या दोन्ही गोष्टी एकत्र साधणार नाहीत. मणी असला की एकच बाजू खाली येते. चार कडा हव्या असतील तर साधी आयताकृती पट्टी घ्यावी आणि ती दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबून धरावी. अशी पट्टी कोणत्याही रबराच्या शीटमधून कापता येते, त्यामुळे डायची वाट पाहावी लागत नाही आणि मेसला नायट्राइल, घराला नैसर्गिक रबर, सोप्याला मॉस असे एकाच सांगाड्यात बदलता येते. गॅरेजवाल्यांची बारीक मान यात मिळणार नाही. ती उणीव मऊ आणि थोडे पातळ रबर घेऊन बरीचशी भरून निघते.

आणखी एक सूचना. रबर सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर बाहेर ठेवावे, म्हणजे ते भिंतीच्या कडेपर्यंत पोहोचेल आणि धातूचा ओरखडा स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला, लागणार नाही. दांड्याच्या वरच्या टोकाला टांगण्यासाठी भोक द्यावे. वायपर रबरावर उभा करून कोपऱ्यात ठेवला की रबर कायमचे वाकते, आणि मग लोक कारखान्याला दोष देतात.

टिळकवाडीचा स्थापत्यकार

एवढी बुद्धी एकत्र आलेली पाहून मी माझी तक्रार थोडी मागे घेतो, पूर्ण नाही. मास्तरांच्या पद्धतीने चाचणी घेताना ती उतार नसलेल्या आणि उतार असलेल्या, अशा दोन्ही फरश्यांवर घ्यावी, एवढीच विनंती. माझ्या अंदाजाने उतारावर सर्वांत साधा वायपरही उत्तीर्ण होईल.

खानापूरकर

उतारावर उत्तीर्ण होणारा वायपर विकत घ्यायला कोणी बाजारात जात नाही, साहेब. आमच्या सोप्याला उतार आहे, तो घराच्या दिशेने आहे.

उद्यमबागचा लेथवाला

आतापर्यंतच्या चर्चेवरून रेखाटन बदलले आहे. सुपरवायझरांच्या इशाऱ्यामुळे ऍल्युमिनियम सोडून दिले. पॉलिप्रॉपिलीनची १० मिलिमीटर जाड शीट बाजारात मिळते. तिच्या दोन उभ्या पट्ट्या कापून त्यांच्यामध्ये आयताकृती रबर दाबायचे, म्हणजे मोल्डही नको आणि डायही नको. प्लास्टिक धातूपेक्षा लवचिक असल्यामुळे पट्टीची उंची मास्तरांच्या नियमाप्रमाणे वाढवत आहे, आणि काटा ठेवत असल्यामुळे मोकळे टोक लहानच राहते. काटा ८ मिलिमीटरच्या स्टेनलेस सळईचा, ओट्याखाली जाईल इतका बुटका. ऍसिडने त्याला डाग पडतील, पण तो पाण्यात बुडत नसल्यामुळे टिकेल. घरासाठी रुंदी १८ इंच. सोप्यासाठी २४ इंची, दुहेरी मॉसची पट्टी. दांडा पाच फुटी, हातात भरेल असा, आणि काट्याला आट्यांऐवजी आरपार बोल्टने जोडलेला.

किंमत बाजारातल्या वायपरपेक्षा दुपटीच्या आसपास जाईल. ती कमी करण्याचा एकच मार्ग दिसतो, तो म्हणजे दांडा न देता विकणे आणि बांबू किंवा जुना पाइप बसेल असे सॉकेट ठेवणे.

हुक्केरीचा गोठेवाला

बिनदांड्याचा द्यावा. बांबू आमच्याकडे आहे.

शहापूरची वैनी

मला दांड्यासहित द्यावा. चाचणीसाठी १८ इंची पाठवल्यास मी घरात, मागच्या परसात आणि गच्चीवर वापरून पाहीन आणि मास्तरांच्या फडक्याचे वजन करण्याची जबाबदारी मुलाकडे देईन. दोन पट्ट्या आवळण्यासाठी काय लावले आहे ते आपण लिहिलेले नाही. स्क्रू-ड्रायव्हर लागणार असेल तर मेसवाल्या ताईंची अट मोडते.

उद्यमबागचा लेथवाला

बरोबर आहे, ते लिहायचे राहिले. तीन बोल्ट आणि हाताने फिरणारे विंग नट लावतो. नट निघून हरवू नयेत म्हणून बोल्टच्या टोकाचे आटे किंचित ठोकून ठेवतो; पट्टी सैल होईल, पण नट बाहेर येणार नाही. दोन नमुने तयार झाले की एक शहापूरला आणि दुहेरी मॉसचा खानापूरला पाठवतो. नायट्राइलची शीट मिळाली की तिसरा मेसकडे.

अनगोळची मेसवाली

वाट पाहत आहे. येताना सोड्याच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवलेला रबराचा एक तुकडा दाखवलात तर लगेच ऑर्डर देईन.